वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर

थ्रेड : संग्रहालयातील युद्धस्मृतींची वंशावळ कशी तपासावी आणि ती तपासण्याची भीती का वाटू नये

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. १९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांसमोर मांडली गेली. या दोन तारखांमध्ये जवळजवळ ३६५ वर्षांचे अंतर आहे. त्यांपैकी पहिली दीडशेहून अधिक वर्षे ही विशिष्ट वाघनखे कोणाच्या हाती होती, हे सांगणारा कागद अद्याप पुढे आलेला नाही.

एवढे म्हटले की वाद पेटतो. एक बाजू म्हणते, महाराजांच्या शस्त्रावर शंका घेणे हा द्रोह आहे. दुसरी बाजू म्हणते, सगळा बनाव आहे. दोन्ही बाजूंना वस्तूशी कर्तव्य नसते. त्यांना निकाल हवा असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी वस्तूची वंशावळ मागावी. संग्रहालयाच्या व्यवहारात तिला प्रोव्हेनन्स म्हणतात : वस्तू कोणी घडवली, कोणी वापरली, कोणाकडून कोणाकडे गेली आणि त्या प्रत्येक हस्तांतराला पुरावा काय.

लंडनच्या वाघनखांची वंशावळ मागे नेत गेले की ती एका पेटीपाशी थांबते. वाघनखे त्या पेटीत ठेवलेली होती आणि पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा : शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारले ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ही स्मृतिवस्तू त्यांना दिली. ग्रँट डफच्या वंशजांनी ती पुढे संग्रहालयाला दिली. संग्रहालयाचा सगळा आधार हा एवढाच मजकूर आहे. म्हणून तो नीट वाचला पाहिजे.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ‘मोगल सेनापती’ ही. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. गंमत अशी की ग्रँट डफने स्वतः मराठ्यांचा मोठा इतिहास लिहिला. तो १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात अफजलखान प्रसंगी वाघनखांचे वर्णनही आहे. ज्या माणसाने हा इतिहास लिहिला, तो आपल्या पेटीवर खानाला मोगल म्हणेल, हे पटण्यासारखे नाही. मजकूर त्याच्या हातचा नसावा, ही शंका येथूनच सुरू होते.

दुसरी खूण नावात आहे. साताऱ्याला १८१८ ते १८२२ या काळात कारभार पाहणारा अधिकारी कॅप्टन जेम्स ग्रँट होता. ‘डफ’ हे उपनाव आणि ‘ईडन’ ही स्कॉटलंडमधली जहागीर त्याच्याकडे मायदेशी परतल्यानंतर, १८२५ च्या सुमारास आली. म्हणजे पेटीवरचा मजकूर साताऱ्यात, भेट मिळाली त्या दिवसांत कोरलेला असूच शकत नाही. तो नंतरचा, स्कॉटलंडमधल्या घरातला आहे. घरातल्या आठवणी खोट्याच असतात असे नव्हे. पण आठवण हा समकालीन पुरावा नव्हे.

तिसरा मुद्दा देणाऱ्याचा. ‘पेशव्यांचा प्रधान’ म्हणजे नेमका कोण? पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रजांना शरण गेला, तो माल्कमला. तेथून त्याची रवानगी बिठूरला झाली. त्याने ही वस्तू ग्रँटला दिली असावी, असा एक अंदाज मांडला जातो. पण त्याच वर्षी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह बसलेले होते आणि ग्रँट त्यांच्याच दरबारी वावरत होता. छत्रपतींच्या घराण्यातले शस्त्र द्यायचे झाले तर ते त्या घरातून निघणे अधिक स्वाभाविक. मग मजकुरात पेशवा का आला? कदाचित ऐकीव माहितीची गल्लत झाली असेल. कदाचित वस्तू खरोखरच पेशव्यांच्या एखाद्या कारभाऱ्याकडून आली असेल. पण तसे असेल तर ती छत्रपतींच्या घराण्यातून त्याच्याकडे कशी गेली, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

आणखी मागे, १६५९ कडे जावे तर तेथेही एकमुखी साक्ष नाही. महाराजांच्या हयातीतल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त वार कृपाणाचा आहे. वाघनख आणि बिचवा ठळकपणे येतात ते कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत. ती राजाराम महाराजांच्या काळात, १७ व्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. सभासद जुन्या मंडळींतला, त्याची साक्ष हलकी नाही. वाघनखे वापरली गेली असे मानायला तो पुरेसा आधार आहे. पण ‘वाघनखे वापरली गेली’ आणि ‘तीच ही वाघनखे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. चर्चेत नेमकी हीच दोन विधाने एकमेकांत मिसळली जातात.

लंडनच्या संग्रहालयाने हे मिसळू दिलेले नाही. महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असे त्याची नोंद सांगते. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजीत सावंत यांनी पत्रव्यवहार केला तेव्हाही उत्तर याच अर्थाचे आले. सावंत यांचे म्हणणे याहून पुढचे आहे : मूळ वाघनखे साताऱ्यातच आहेत. तेही स्वतंत्रपणे तपासावे लागेल, आणि त्यालाही हीच कसोटी लागू होईल.

शासनाची बाजू अगदीच टाकाऊ नाही. १९८३ च्या ब्रिटिश वारसा कायद्यामुळे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला आपल्या संग्रहातली वस्तू सहजासहजी कायमची देता येत नाही; म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ३ वर्षांच्या उसनवारीचा करार झाला. खर्चाबद्दल कोट्यवधींचे आकडे उठले तेव्हा तत्कालीन मंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी १४ लाख ८ हजारांचा आकडा विधानसभेत सांगितला. एवढ्या खर्चात हजारो मुलांना १७ व्या शतकाबद्दल कुतूहल वाटले असेल तर सौदा महाग नव्हे. आक्षेप आहे तो खात्रीच्या सुराला. ज्या संग्रहालयाकडून वस्तू आली त्याचीच शंका समुद्र ओलांडताना गळून का पडावी?

धातूची तपासणी करा म्हणजे प्रश्न मिटेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पोलादाचा पोत आणि घडणीची पद्धत पाहून काळ आणि प्रदेश यांचा अंदाज बांधता येतो. ती कोणाच्या बोटांत होती हे पोलाद सांगत नाही. ते कागदच सांगतात.

याउलट उदाहरण नागपूरचे घ्यावे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावात महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना एक तलवार घेतली. ती १८ ऑगस्टला मुंबईत आली. तिच्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत राघोजी भोसले यांचे नाव आणि ‘सेनासाहिब सुभा’ हा किताब आहे. पाते युरोपीय घडणीचे आहे आणि लेखातला ‘फिरंग’ हा शब्दही तेच सांगतो. कोकणच्या बंदरांतून असली पाती येत, त्यांना मूठ इथे बसे. येथे पुरावा पेटीवर नाही, शस्त्रावरच आहे. तरीही काम संपत नाही. राघोजी नावाचे भोसले राजे नागपूरला तीन झाले आणि किताब घराण्यात चालत आला. तलवार पहिल्या राघोजींची मानली जाते. ते ठरवायला मुठीची शैली आणि अक्षरांचे वळण यांची साक्ष काढावी लागते. आणि ती लंडनला कशी पोहोचली? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीतून, हा तर्क सयुक्तिक आहे. पण लुटीच्या यादीत ती सापडेपर्यंत तो तर्कच.

लुटीच्या याद्या बोलतात तेव्हा किती स्पष्ट बोलतात, हे टिपूच्या लाकडी वाघावरून कळते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, वाघ कंपनीच्या लंडनमधल्या इमारतीत गेला, तेथून पुढे आज आहे त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. साखळीतली एकही कडी तुटलेली नाही.

आता आरसा आपल्याकडे फिरवू. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यालगतच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची. घडणीचे साल घंटेवरच ओतलेले आहे. भाविक ती रोज वाजवतात, काहींना तिच्यावरची येशू-मेरीची आकृती ठाऊकही नसते. या घंटा सरसकट ‘वसईच्या’ म्हटल्या जातात. परंतु १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ठाणे आणि साष्टीही घेतली गेली. तिथेही चर्च होती. कोणती घंटा कोणत्या मनोऱ्यावरून उतरली, याचा शोध पोर्तुगीज आणि मराठी दफ्तरे शेजारी ठेवून घ्यावा लागेल. लंडनकडे आपल्या वस्तूंचा हिशेब मागणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला तर मागणीला वजन येईल.

नवी मुंबईतल्या तरुणांना यासाठी लांब जाण्याची गरज नाही. बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज महापालिकेच्या भव्य मुख्यालयापासून जवळ आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे तिथे नांदून गेले. चिमाजी अप्पांनी अमृतेश्वराला बेलाची माळ वाहण्याचा नवस केला आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडले, ही कथा सगळे सांगतात; ती गोड आहे, पण तिचा समकालीन कागद कोणी दाखवत नाही. उद्या त्या मातीत तोफगोळा निघाला, तर तो चौघांपैकी कोणाचाही असू शकेल. समाजमाध्यमांवर मात्र तो संध्याकाळपर्यंत ‘मराठ्यांचा’ झालेला असेल.

पुराव्यानुसार मत बदलण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. शिवजन्माची तिथी किती दशके वादात होती! लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नांमुळे जेधे शकावली उजेडात आली, अभ्यासकांनी ती इतर साधनांशी ताडून पाहिली आणि २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. त्याने महाराजांचे काही उणे झाले नाही.

साताऱ्यानंतर वाघनखे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेली. कराराची मुदत संपली की ती लंडनला परततील. तोवर ती जिथे असतील तिथे काचेशेजारी पेटीवरच्या मजकुराचा मराठी अनुवाद लावावा, त्यातल्या चुकांसकट; खाली लंडनच्या संग्रहालयाचे खातरजमेविषयीचे वाक्य जसेच्या तसे द्यावे आणि सभासद व परमानंद यांची वर्णने शेजारी ठेवावीत. सातवीतल्या मुलीला ते वाचायला पाच मिनिटे लागतील. मोगल सेनापती कसा काय, हा प्रश्न तीच पहिल्यांदा विचारेल.