काळी टाकी, करडी टाकी

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडे अलीकडे छोटे कँपर दिसू लागले आहेत. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची एक खोलीच म्हणा ना. आत झोपायची सोय, दोन चुली, बेसिन, छोटा फ्रीज आणि कोपऱ्यात कपाटाएवढे न्हाणीघर, त्यातच कमोड. २०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे वॉशिंग्टन राज्यात होते. तेव्हा तिच्या सोळा फुटी कँपरमधून आमची पुष्कळ भटकंती झाली. तिच्या ओळखीच्या आणखी चार मराठी कुटुंबांकडेही असे कँपर आहेत. आणि त्यांतल्या दोघांच्या कँपरमधला संडास चक्क बंद! एकाने तिथे चपला-बूट भरलेत, दुसऱ्याकडे घडीच्या खुर्च्या.

"अरे, वापरत का नाही?" असे विचारले की उत्तर एकच. "काकू, वापरायला काय, पण मग तो रिकामा कोण करणार?"

ज्यांच्याकडे बूट भरलेत त्यांच्या घरी पंचाहत्तरीच्या सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. रात्री दोनदा तरी उठावे लागते. कँपग्राउंडवरचा सार्वजनिक संडास दीडदोनशे पावलांवर, वाटेत मिट्ट काळोख आणि मुळांचे अडथळे. त्या बिचाऱ्या संध्याकाळी पाच वाजल्यापासून पाणी पिणे बंद करतात. का, तर जावयाला टाकी ओतायला लागू नये! हे ऐकल्यापासून मला राहवत नाही, म्हणून हा लेख.

आधी ही व्यवस्था काय असते ते सांगते. कँपरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी करडी, हिच्यात बेसिनचे आणि आंघोळीचे सांडपाणी जाते. तिसरी काळी, म्हणजे संडासाची. मुलीच्या कँपरमध्ये चांगल्या पाण्याची टाकी २७ गॅलनची आहे, म्हणजे शंभर लिटरच्या थोडी वर. मी आयुष्यभर मराठी शिकवले, पण शाळेत माणसे कमी, त्यामुळे पाचवीला गणिताचे तासही घ्यावे लागत. हौदाला एक नळ भरणारा आणि एक रिकामा करणारा, ही उदाहरणे मुलांना कधी खरी वाटली नाहीत. त्या मुलांना एकदा कँपरमध्ये बसवायला हवे होते! इथे रोज तेच उदाहरण सोडवावे लागते. शॉवर मिनिटाला साधारण पाच-सहा लिटर पाणी खातो. चौघांनी पाच-पाच मिनिटे आंघोळ केली की चांगली टाकी खडखडीत आणि करडी टाकी काठोकाठ. मी मात्र छोटी बादली आणि तांब्या घेऊन बसत असे. आठ-दहा लिटरांत सचैल स्नान. नातू आधी हसला, मग त्यानेही तांब्या मागितला.

आता मुद्द्याचे काम, काळी टाकी रिकामी करण्याचे. लोकांना वाटते तेवढे ते भयंकर नाही. डंप स्टेशन म्हणून ठरलेली जागा असते. जमिनीत झाकणाचे तोंड, खाली गटार किंवा सेप्टिक टाकी. वॉशिंग्टन राज्यात हमरस्त्यावरच्या काही विश्रांतिथांब्यांवरही ही सोय आहे, आणि त्यासाठी कँपरच्या नोंदणीच्या वेळीच तीन डॉलर वेगळे घेतात. हातमोजे घालायचे, तीन इंची जाड पाइप एका टोकाने कँपरला आणि दुसऱ्या टोकाने त्या तोंडाला घट्ट बसवायचा, आणि दांडा ओढायचा. बस्स. काही दिसत नाही, कशाला हात लागत नाही. फक्त आवाज येतो. आधी काळी टाकी, मग करडी. हा क्रम चुकवायचा नाही, कारण मागून येणारे साबणाचे पाणी पाइप धुऊन काढते. दोन-तीन मिनिटांत काम संपते. माझ्या मते सहा महिन्यांच्या बाळाचे लंगोट धुण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे, आणि ते काम आम्ही बायकांनी वर्षानुवर्षे कुणाला न विचारता केलेले आहे.

ज्यांना घाण वास आणि तुंबण्याचा अनुभव येतो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा पाण्याची कंजुषी झालेली असते. काळ्या टाकीत पाणी भरपूर हवे. रिकामी केल्यावर लगेच दोन-तीन बादल्या पाणी आत सोडून ठेवावे. कोरड्या तळावर पडलेला मैला तिथेच चिकटतो. काही कँपग्राउंडवर गटाराची थेट जोडणी मिळते. तिथे पाइप लावून दांडा कायमचा उघडा ठेवायचा मोह होतो. तसे केले की पातळ तेवढे वाहून जाते आणि घट्ट मागे राहून त्याचा ढीग वाळतो. मग तो फोडायला खास माणूस बोलवा आणि डॉलर मोजा. दांडा बंदच ठेवावा, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडावी. पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळे जाते. कागदाचेही तसेच. बरणीत पाणी घेऊन त्यात दोन चौकोन टाकून हलवावे, कागद विरघळून तुकडे-तुकडे झाला तर चालेल, अख्खा राहिला तर नको. (आपल्यापैकी जे कागदापेक्षा पाण्यावर विश्वास ठेवतात, त्यांची टाकी मुळातच सुखी!) आणि भिंतीवर जे टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात, त्यांच्यावर फार विसंबू नये. आत कागद चिकटला की रिकामी टाकीसुद्धा भरलेली दाखवतात.

निळ्या रसायनाबद्दल माझे मत जरा कडक आहे. दुकानात वास मारणारी औषधे मिळतात, त्यांतल्या काहींत फॉर्माल्डिहाइड असते. ते जिवाणूंना मारते म्हणून वास थांबतो. पण कँपग्राउंडची सेप्टिक टाकी चालते तीच जिवाणूंच्या जोरावर. आपल्या दोन दिवसांच्या सुवासासाठी दुसऱ्याच्या टाकीतले कामगार मारून टाकायचे, हे कुठले शहाणपण? जिवाणू किंवा एन्झाइमवाली औषधे मिळतात, ती घ्यावीत.

करड्या टाकीला लोक निरुपद्रवी समजतात, इथे मात्र माझा त्यांच्याशी वाद आहे. एका कँपग्राउंडवर शेजारच्या गृहस्थांनी सकाळी निघताना करड्या टाकीचा दांडा ओढून सगळे पाणी झाडाखाली सोडून दिले. जावयाने हटकले, तर म्हणतात कसे, "अहो, नुसते भांडी घासलेले पाणी आहे." नुसते? त्यात तेल आहे, अन्नाचे कण आहेत, साबण आहे, आंघोळीचे अंगावरचे सगळे आहे. दोन दिवस उन्हात तापलेल्या बंद टाकीत ते आंबलेले असते. खरे सांगायचे तर करड्या टाकीचा वास कित्येकदा काळीपेक्षा वाईट असतो. त्या अन्नाच्या वासावर जनावरे येतात, आणि त्या भागात काळी अस्वले आहेत. आपण निघून जातो, तंबू लावायला पुढचा माणूस तिथेच येतो.

नियम जागेप्रमाणे बदलतात. राष्ट्रीय उद्यानांत ट्रेलरमधली घाण ठरलेल्या सोयीखेरीज कुठेही सोडायला बंदी आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातल्या मोकळ्या जमिनींवर मैलापाणी सोडायला बंदी आहे, पण धुण्याचे पाणी त्या मूळ नियमातून वगळलेले आहे. स्थानिक नियम त्याहून कडक असू शकतात, तेव्हा पाटी वाचावी. माझे विचाराल तर सवलत असली तरी आमटीच्या टोपाचे पाणी तिथे ओतू नये.

आपल्या स्वयंपाकाला करडी टाकी विशेष भिते. फोडणीचे तेल, हळद, डाळीचा लगदा, भाताची शिते! मी मुलीकडे एक शिस्त घातली. ताट-टोप आधी कागदाने पुसून घ्यायचे, तो कागद कचऱ्यात. मग थोड्या पाण्यात भांडी. बेसिनच्या तोंडाला बारीक जाळी. उरलेले तेल डब्यात. एवढ्याने वास निम्म्याहून कमी झाला. आणि कँपर बरेच दिवस उभा असला की बेसिनखालच्या वाकड्या नळीतले पाणी सुकते, मग टाकीची हवा वर येते. तांब्याभर पाणी ओतले की थांबते. लोक उगाच टाकीला दोष देतात.

चांगल्या पाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट जिवावर बेतणारी आहे. डंप स्टेशनवर पाइप धुवायचा जो नळ असतो, त्याचे पाणी प्यायचे नसते, तशी पाटीही असते. तरी तिथूनच टाकी भरणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या नळावर आधीच्या माणसाने मैल्याचा पाइप धुतला तो नळ! पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, तो वेगळ्या कप्प्यात. वर्षातून एकदा, हिवाळा संपल्यावर, टाकी साध्या, वास नसलेल्या ब्लीचने धुवावी. पंधरा गॅलनला पाव कप ब्लीच, सगळे नळ सोडून वास येईपर्यंत पाणी फिरवायचे, रात्रभर ठेवायचे, मग वास जाईपर्यंत खळखळून धुवायचे.

बाकी निगा थोडक्यात सांगते, ती जावयाची बाजू. थंडीआधी सगळे पाणी काढून नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, नाहीतर बर्फ होऊन नळ्या फुटतात. मोटारीचे अँटिफ्रीझ चुकूनही वापरू नये, ते विषारी असते. छपराच्या सांध्यांचा मसाला वर्षातून दोनदा तरी वर चढून पाहायचा. कँपर मरतात ते बहुधा गळतीने, आतले लाकूड कुजून. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर दगा देतो.

असो. आता परत त्या बुटांनी भरलेल्या संडासाकडे.

ही सगळी माणसे शिकलेली आहेत. छपरावर चढतात, चाकाच्या बेअरिंगला हाताने ग्रीस भरतात. ग्रीस काय कमी घाण असते? तरी तीन मिनिटांच्या त्या दांड्यापाशी हात अडतो. मला नाही वाटत हे वासामुळे आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, वाड्यामागे टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई यायची, टोपली काढून डोक्यावर घेऊन जायची. ती यायच्या वेळी आम्हा मुलांना आत बोलावून घेत. तिचे नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हते. रोज येणाऱ्या दूधवाल्याचे ठाऊक होते, हिचे नाही. आपला मैला कुणीतरी दुसऱ्याने न्यायचा असतो, हे आमच्या हाडीमाशी असे मुरले. पुढे फ्लश आला आणि ते "कुणीतरी" दिसेनासे झाले, एवढेच. कँपरमध्ये ते कुणीतरी नसते. म्हणून खोलीच बंद करून टाकायची आणि म्हातारीने तहान मारायची.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी उभे आयुष्य या प्रश्नात घातले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपोषण केले. ते काम मागण्यासाठी उपास, टाळण्यासाठी नव्हे! पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वस्त, खत देणारे संडास करून दाखवले. डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्ध देशात कायदा झाला १९९३ साली, आणि गटार-सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यालाही आळा घालणारा कडक कायदा २०१३ साली. तरी टाकीत गुदमरून माणसे मेल्याची बातमी अजून वर्तमानपत्रात येतेच.

म्हणून मुलीच्या घरी मी एक पाळी लावून दिली. सहलीत जो कुणी कमोड वापरील तो पाळीत. मुलगी, जावई, बारा वर्षांचा नातू आणि मीसुद्धा. माझी पाळी आली तेव्हा जावई संकोचाने म्हणाले, "आई, तुम्ही राहू द्या हो." मी म्हटले, दांडा ओढायला सत्तरीतला हात पुरतो. पाइप मात्र नातवाने बसवून दिला, वाकणे आता मला होत नाही. त्या सासूबाईंच्या घरी मी हे सगळे फोनवर सविस्तर सांगितले आहे. बूट हलले की नाही, अजून कळलेले नाही.

महाराष्ट्रानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कल्पना चांगली आहे, कोकणकिनाऱ्याला शोभेल अशी. पण आपल्याकडे ही गाडी बहुधा चालकासकट भाड्याने मिळते, आणि सहल संपल्यावर पाहुणे हात झटकून मोकळे. जिथे बंद पाइपने टाकी सोडायची पक्की सोय नाही, तिथे ती ओढ्यात जाईल, नाहीतर पोरगेल्या मदतनिसाला बादली घेऊन उभे करतील. पुढच्या हिवाळ्यात मुलगी सगळ्यांना घेऊन येते आहे आणि मालवणपर्यंत अशी गाडी घ्यायचे तिच्या मनात आहे. मी तिला सांगितले आहे, गाडीवाल्याला भाडे नंतर विचार, आधी विचार की टाकी रिकामी कुठे करता आणि कोण करते. जागा नीट असेल तर हातमोजे आपण घेऊन जाऊ.