चाचणी सोपी झाली, पुढची वाटही सोपी करू या

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर त्याचा कर्करोग होण्यास साधारण १५ ते २० वर्षे जातात. म्हणजे रोखण्यासाठी वेळ भरपूर असतो. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८० हजार स्त्रिया या आजाराने दगावल्याचा जागतिक अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची ही तपासणी कधीतरी झाली होती.

तपासणी टाळण्यामागे अज्ञान आहे, तसा संकोचही आहे. टेबलावर झोपून अनोळखी व्यक्तीकडून आतली तपासणी करून घेणे कोणत्याही समाजातल्या बाईला नकोसे वाटते. आपल्या घरांत तर अम्मी, खाला, फुफी हा विषय उच्चारतही नाहीत. त्यांच्या हयेची चेष्टा करून काही साधणार नाही. तिचा मान राखून तपासणी कशी होईल, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर संशोधकांना लघवीत दिसते आहे. गर्भाशयाच्या मुखावरून सुटलेल्या पेशी आणि विषाणूचे अंश लघवीच्या पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. म्हणून नेहमीच्या तपासणीसारखी मधली लघवी इथे चालत नाही, अगदी सुरुवातीची लागते. हा नमुना स्त्री स्वतः, घरच्या न्हाणीघरात, दार लावून घेऊ शकते. ब्रिटन आणि बेल्जियममधल्या अभ्यासांचे निष्कर्ष आशादायक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आजवर शिफारस केली आहे ती योनीमार्गातून कापसाच्या काडीने स्वतः घेतलेल्या नमुन्याची. ऑस्ट्रेलियात २०२२पासून हा पर्याय सर्व पात्र स्त्रियांना खुला आहे. मुस्लिमबहुल मलेशियातही अशा नमुन्यावर आधारलेला कार्यक्रम चालतो.

एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात, याचा मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथे नमुना प्रशिक्षित कर्मचारी घेत. २००९मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण हे नुसत्या तपासणीने घडले नाही. दोष आढळलेल्या बाईपर्यंत पुढचे निदान आणि उपचार पोहोचले, म्हणून घडले.

इथेच सावध राहायला हवे. लघवीची चाचणी 'विषाणू आहे' एवढेच सांगते. पुढे डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच लागते. जवळ महिला डॉक्टर नसेल, रिपोर्ट समजावणारे कोणी नसेल, तर घरी घेतलेला नमुना तिला फक्त घाबरवून सोडेल.

दुसरा धोका घरातला आहे. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो, हे कळताच संशयाची बोटे बाईकडेच वळतील. म्हणून तरुणांनी, विशेषतः मुलांनी, हे नीट समजून घ्यावे: हा विषाणू इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याचा संसर्ग होतोच. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून तो कधी आला, कुणाकडून आला, हे कळत नाही. तो चारित्र्याचा दाखला नाही आणि कर्करोगाचे निदानही नाही. या कागदावरून एखाद्या बाईला तलाक किंवा टोमणे सोसावे लागले, तर तो जुलूमच.

सरकारी कार्यक्रम आज मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल लावून नजरेने केलेल्या तपासणीवर चालतो. त्यात एचपीव्ही चाचणी आणि स्वतः नमुना घेण्याची सोय यावी, मोहल्ल्याजवळच्या दवाखान्यात महिला डॉक्टरचा ठरलेला वार असावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. मात्र तोवर थांबू नका. घरातल्या तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना आजच्या सोयीनुसार तपासणीला न्या. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर कोणत्याही चाचणीची वाट न पाहता थेट डॉक्टर गाठा.

अम्मीशी हे बोलायला लाज वाटेल. तरीही बोला. तिने आपली दुखणी आजवर आपल्यापासून लपवली आहेत, निदान हे एक तरी लपू देऊ नका.