समुद्रावर जायचे, तर वही खरी हवी



आमच्या मुळशी तालुक्यात समुद्र नाही. पण मुळशीचे पाणी मात्र फार लवकर समुद्र गाठते. टाटांच्या धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी सह्याद्रीतून कोकणात उतरवले जाते, भिरा येथे त्यावर वीज तयार होते आणि पुढे कुंडलिका नदीतून ते रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. या पाण्याप्रमाणे इथली काही मुलेही आता घाट उतरून समुद्राकडे निघाली आहेत. दरवर्षी दोन-चार विद्यार्थी मला विचारतात, "सर, मर्चंट नेव्हीत कॅडेट व्हायचे आहे. काय तयारी करू?"

त्यांची अपेक्षा असते की मी पोहण्याबद्दल किंवा इंग्रजीबद्दल काही सांगेन. मी म्हणतो, "आधी तुझे प्रयोगाचे जर्नल दाखव."

असेच एकाचे जर्नल मी पाहिले. साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढण्याचा प्रयोग होता. उत्तर होते बरोबर ९.८. मात्र खाली खोडरबराने पुसलेला १०.८ हा आकडा पुसटसा दिसत होता. मी विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "सर, उत्तर चुकत होते, म्हणून निरीक्षणे थोडी बदलली."

मी त्याला लंबक पुन्हा हलवायला लावला. गोळा सोडताक्षणी तो "एक" म्हणाला आणि "वीस" म्हणताच त्याने घड्याळ थांबवले. झाले! सुरुवात "शून्य" म्हणून करायची असते. त्याने मोजलेली आंदोलने वीस नव्हती, एकोणीसच होती. त्यामुळे एका आंदोलनाचा काळ पाच टक्क्यांनी कमी आला आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्याने त्वरण सुमारे अकरा टक्क्यांनी वाढले. म्हणजे १०.८ हा आकडा निरुपयोगी नव्हता. चूक नेमकी कोठे आहे, हे तोच सांगत होता. आमच्या विद्यार्थ्याने सांगणाऱ्याचेच तोंड बंद केले!

तुम्ही म्हणाल, याचा जहाजाशी काय संबंध? ऐका. १९९५ सालच्या जून महिन्यात 'रॉयल मॅजेस्टी' नावाचे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाले होते. उपग्रहांवरून स्थान सांगणारे जीपीएस यंत्र त्यावर होते. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात त्याच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडले नाही. ते केवळ वेग आणि दिशा यांवरून अंदाजाने स्थान दाखवू लागले. तसे सांगणारी बारीक अक्षरे पडद्यावर होती, पण कोणी ती पाहिली नाहीत. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू बाजूला ढकलत राहिले. शेवटच्या संध्याकाळी एक ठरावीक बोया दिसायला हवा होता. तो दिसला नव्हता. तरीही पाळीवरच्या अधिकाऱ्याने कप्तानाला "दिसला" असे सांगितले, कारण यंत्राप्रमाणे जहाज बरोबर मार्गावर होते. त्याच रात्री, सुमारे ३४ तासांच्या चुकीच्या प्रवासानंतर, पंधराशेहून अधिक माणसांना घेऊन ते जहाज नँटकेट बेटाजवळच्या उथळ वाळूत रुतले. मानलेल्या जागेपासून ते १७ सागरी मैल दूर होते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

न दिसलेला बोया "दिसला" म्हणणे आणि १०.८ पुसून ९.८ लिहिणे यांत फरक आहे तो फक्त परिणामांचा. सवय एकच: उत्तर आधी, निरीक्षण मागून.

कॅडेटचे शिक्षण ही सवय मोडण्यासाठीच असते, असे माझे मत आहे. जीपीएस असतानाही त्याला सेक्स्टंट हाताळायला शिकवतात, ते याच कारणाने. सेक्स्टंटमध्ये दोन आरसे असतात. आरसा जितक्या कोनातून फिरवावा, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण फिरतो, हा तुमच्या प्रकाशाच्या धड्यातला नियम त्यात वापरलेला आहे. त्यामुळे वर्तुळाच्या एक षष्ठांश, म्हणजे ६० अंशांच्या कमानीवर १२० अंशांपर्यंतचा कोन मोजता येतो.

तुमच्याजवळ सेक्स्टंट नसेल. पण कोनमापक, दोरा, खडा आणि शीतपेयाची नळी एवढे पुरे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ त्या ठिकाणचा अक्षांश. मुळशीचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. एकदा मी काही मुलांना धरणाजवळच्या टेकडीवर नेऊन हा कोन मोजायला लावला. उत्तरे १६ ते २१ अंशांपर्यंत आली. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे एका टेकडीवर उभे राहून आमच्यातला एक जण मालवणच्या अक्षांशावर पोहोचला होता आणि दुसरा नागपूरच्या! सगळे पोटभर हसले. पण कोणीही आकडा बदलला नाही. सरासरी काढली, तर ती अठराच्या थोडी पुढे आली. त्या रात्री मुले जे शिकली, ते मला फळ्यावर वर्षभरात शिकवता आले नसते.

समुद्रकाठी जन्मलो नाही, म्हणून मागे हटण्याचे कारण नाही. सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, म्हणजे समुद्रापासून पुष्कळ दूरचा. हिंदी मुलांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होता यावे, म्हणून १९२७ साली मुंबईत 'डफरिन' हे शिक्षण-जहाज सुरू झाले. १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि १९९३ पासून 'चाणक्य' संस्था नवी मुंबईत जमिनीवर आहे. आपल्याच जिल्ह्यात तळेगावजवळ इंदुरी येथे सागरी शिक्षणाची संस्था आहे. मुलींनाही वाट मोकळी आहे. कॅप्टन राधिका मेनन यांना खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वाचवल्याबद्दल २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला.

मात्र केवळ पांढरा गणवेश आणि पगार पाहून या वाटेला जाऊ नका. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असते. डेकवरच्या कॅडेटला लाल आणि हिरवा दिवा ओळखता आलाच पाहिजे, म्हणून डोळे आधी तपासून घ्या. पदविकेच्या वाटेने गेल्यास एक वर्षाच्या शिक्षणानंतर दीड वर्ष जहाजावर काढावे लागते, आणि जहाजावर जागा मिळणे हेच अनेकांना सर्वांत अवघड जाते. फी मोठी असते. वडिलांनी जमीन विकण्यापूर्वी संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का आणि कोणती जहाज कंपनी तुम्हाला घेणार आहे, हे लेखी पाहा. मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. इथेही नियम तोच: स्वतः तपासल्याशिवाय "दिसला" म्हणायचे नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलाने प्रामाणिकपणे १०.८ लिहिले आणि कारण शोधले, तर त्याला नकललेल्या ९.८ पेक्षा अधिक गुण द्या. आपणच बरोबर उत्तराला गुण देत राहिलो, तर मुले खोडरबर वापरणारच.

तो लंबकवाला विद्यार्थी आज जहाजावर आहे. सुट्टीत भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "सर, पाळीवर असताना आमचे अधिकारी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारतात: कशावरून?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारायला जहाजावर जाण्याची वाट पाहू नका. उद्याच्या प्रयोगाच्या तासाला तो स्वतःलाच विचारा.