चाकांवरचे घर व डोंगरातील तळ

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले व सुना अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत, आणि उन्हाळा आला की ती आपल्या आईवडिलांना तिकडे बोलावून घेतात. मग सर्वांनी मिळून एखादे मोटारघर भाड्याने घ्यावे व आठदहा दिवस रॉकी पर्वतात हिंडून यावे, असा बेत ठरतो. मोटारघर म्हणजे जिच्या पोटात निजावयाची जागा, शेगडी, फ्रीज व शौचकूप अशी सारी सोय असते ती मोठी गाडी. तिकडे तिला आर. व्ही. म्हणतात. बेत उत्तमच आहे. आजीआजोबा व नातवंडे आठ दिवस एका छपराखाली काढतात, ही गोष्ट आजच्या दिवसांत लहान नव्हे. परंतु गाडी कोणती घ्यावी याचा जितका खल होतो, तितका ती रात्री कोठे उभी करावी याचा होत नाही; आणि आमच्या मते कुटुंबाचे सुख, व प्रसंगी जीवही, या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून असतो.

प्रथम उंचीचा विचार करावा. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, आणि कोलोरॅडोतील डेन्व्हर शहर जवळजवळ तितक्याच, म्हणजे १,६०९ मीटर उंचीवर वसलेले आहे. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेले एस्टेस पार्क हे गाव सुमारे २,३०० मीटरवर आहे, आणि तेथून पुढे जाणारा ट्रेल रिज रस्ता तर १२,१८३ फूट, म्हणजे ३,७०० मीटरहून अधिक उंची गाठतो. तरुणांना याचे काही वाटत नाही. पण ज्या आजोबांना रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास आहे, त्यांना विमानतळावरून उतरवून त्याच रात्री अडीच हजार मीटरवर निजविणे शहाणपणाचे नव्हे. एकदोन रात्री डेन्व्हरच्या आसपास काढाव्या व मग वर चढावे; निघण्यापूर्वी वैद्यांनाही विचारून घ्यावे. उंच रस्ता दिवसा पाहून रात्री खालच्या तळावर परतता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. खाजगी तळांवर बहुधा वीज, पाणी व मैलापाणी वाहून नेणारी नळी या तिन्ही सोयी जागेवरच मिळतात; त्याला तिकडे ‘फुल हुक-अप’ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानांतील तळांवर त्या क्वचितच असतात. माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या तळांवर हुक-अप मुळीच नाही, आणि यलोस्टोनमध्ये तिन्ही सोयी फक्त फिशिंग ब्रिज येथील तळावर आहेत. आमचे मत विचाराल तर, ज्या तळावर वीज नाही तेथील रात्र अधिक चांगली. मुले दूरचित्रवाणीऐवजी तारे पाहतात. तथापि आजीला झोपेत श्वासाचे यंत्र लावावे लागत असेल, तर आमच्या आवडीनिवडीला काही किंमत नाही. तेथे वीज असलेला तळच निवडावा. रात्री जनित्र चालवू म्हणाल, तर उद्यानांच्या तळांवर रात्री त्याला मनाई असते. आणि मनाई नसली तरी जनित्राच्या धुरातील विषारी वायू गाडीत शिरून झोपलेल्या माणसांना जाग न येताच मारू शकतो.

गाडीची लांबी ही पुढची अडचण. प्रत्येक तळावर किती फुटांपर्यंतची गाडी मावेल हे नोंदणीच्या वेळीच सांगितलेले असते, आणि मागे जोडलेले घर ओढून नेणार असाल तर पुढच्या मोटारीची लांबीही त्यात मिळवावी लागते. रस्त्यांचेही तसेच. ग्लेशियरमधला १९३३ साली खुला झालेला ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता पाहावयास सारे जग जाते. पण त्याच्या मधल्या, कड्याला बिलगून जाणाऱ्या भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला प्रवेश नाही. म्हणून जाणते लोक पश्चिमेस अ‍ॅपगार किंवा पूर्वेस सेंट मेरी येथील तळावर मोठी गाडी ठेवतात व लहान मोटारीने घाट पाहून येतात. पुष्कळ तळांची नोंदणी सहा महिने आधी खुली होते आणि जुलैच्या जागा पाहता पाहता संपतात. तेव्हा हा हिशेब हिवाळ्यातच करावयाचा.

अस्वलांविषयी थोडक्यात सांगतो. फिशिंग ब्रिजच्या तळावर तंबूला, किंवा कापडी भिंती असलेल्या गाडीला, परवानगी नाही. घट्ट भिंतींचीच गाडी लागते, कारण तो मुलूख ग्रिझली अस्वलांचा आहे. अन्न, उष्टे, इतकेच काय पण दंतमंजनसुद्धा रात्री बाहेर ठेवू नये.

आता नदीविषयी. जागांचा नकाशा पाहताना प्रत्येकाचे बोट आपोआप पाण्याकाठच्या जागेवर जाते, आणि अशी जागा सर्वांच्या आधी भरते. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी एस्टेस पार्कच्या खालच्या बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद दरीत सहलीस आलेली शेकडो कुटुंबे होती. कोलोरॅडो राज्याच्या शताब्दीचा तो सुटीचा आठवडा होता. दरीच्या वरच्या अंगाला एक वादळ जागच्या जागी थबकले आणि काही तासांत सुमारे बारा इंच पाऊस पडला. खाली कित्येकांच्या डोक्यावर फारसा पाऊसही नव्हता, तोच पाण्याची भिंत आली. १४० हून अधिक माणसे गेली. दरीतल्या रस्त्याने मोटार पळवीत बाहेर पडू पाहणाऱ्या कित्येकांना पाण्याने गाठले. जी माणसे मोटार सोडून हातापायांनी कडा चढली, त्यांतली पुष्कळ वाचली. पूर आल्यास वर चढा, असे सांगणाऱ्या पाट्या त्या दरीत नंतर लावण्यात आल्या.

भूकंपापुढे माणसाची निवड चालत नाही. १७ ऑगस्ट १९५९ च्या मध्यरात्रीपूर्वी माँटानात मॅडिसन नदीच्या काठी डोंगराची एक बाजूच तळावर कोसळली, आणि त्या भूकंपाने २८ माणसांचा बळी घेतला. तेथे मुक्काम केलेल्यांना ते आधी कळण्याचा मार्ग नव्हता. पण पुराचे तसे नाही. अरुंद दरीत, नदीच्या पातळीवर, एकच वाट असलेल्या जागी मुले निजवावयाची की नाही, हे आपल्या हाती असते. पाण्याचा आवाज ऐकावयाचा असेल तर पन्नास पावले वरच्या टप्प्यावरूनही तो ऐकू येतो.

म्हणून तळावर दिवस असताना पोहोचावे. गाडी लावून झाली, नळी जोडून झाली, की तेथील रखवालदारास विचारून घ्यावे की रात्री पाणी वाढले तर पायी वर जावयाची वाट कोणती. मग अंधार पडण्यापूर्वी आजीआजोबांसह सर्वांनी त्या वाटेने एकदा चालून यावे. मुलांना तो खेळच वाटतो.