गिरणीतले उपाहारगृह : भिंती जुन्या, चूल कशी?

कोपनहेगन बंदरात बर्माइस्टर अँड वाइन या कंपनीची मोठी जहाजगोदी होती. महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या डिझेल जहाजांपैकी नावाजलेले ‘सेलांडिया’ याच कंपनीने १९१२ साली बांधले. १९९६ साली गोदीचे दिवाळे निघाले. पुढे २०१३ मध्ये तिथल्या एका इमारतीत ‘अमास’ नावाचे उपाहारगृह निघाले. बाहेर भाजीचा मळा, आत देठ, साली आणि उरलेला पाव यांपासून केलेले नवे पदार्थ! पर्यावरणस्नेही म्हणून त्याची कीर्ती झाली. २०२२ मध्ये तेही बंद पडले, पण त्याने घालून दिलेला प्रश्न उरला आहे : या कीर्तीत जुन्या भिंतींचा वाटा किती आणि स्वयंपाकघराचा किती?

विद्यार्थी मित्रांनो, भिंतीपासून सुरुवात करू. वीट सुमारे हजार अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते. आपल्याकडच्या भट्ट्यांत एक लाख विटांसाठी साधारण २० टन कोळसा जळतो. म्हणजे जुनी भिंत ही पूर्वीच जळून गेलेल्या कोळशाची पावतीच म्हणायची. ती पाडून नवी बांधली की तेवढाच कोळसा पुन्हा जाळायचा. सिमेंटचे तर दुहेरी दुखणे आहे : भट्टीच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच, आणि तापलेल्या चुनखडीतून निघतो तो वेगळा. तेव्हा धडधाकट इमारत पाडू नये, हे माझे मत ठाम आहे.

त्यात गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे! त्यांतल्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात, त्यामुळे उजेड भरपूर येतो आणि ऊन कमी. (मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो खरा, पण तेव्हा बराच काळ आकाश ढगांनी भरलेले असते.) असे छप्पर झाकून खाली दिवसाढवळ्या दिवे लावणाऱ्याला काय म्हणावे?

परंतु भिंतीची बचत एकदाच होते. चूल मात्र रोज पेटते. साध्या गॅसच्या शेगडीवर इंधनातली तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक उष्णता भांड्यात न शिरता हवेत जाते आणि ती बाहेर काढायला पंखे फिरवावे लागतात. उष्टे-खरकटे कचऱ्याच्या डोंगरात दबले की हवेअभावी कुजून त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवतो. तोच वायू बंद टाकीत धरला तर इंधन होतो. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ संयंत्र नेमके हेच करते. अशी सोय नसलेल्या उपाहारगृहाने केवळ उघड्या विटा दाखवून पर्यावरणाचे नाव घेऊ नये.

गिरणगावातल्या खाणावळी आठवा. तिथे बायका गिरणी कामगारांचे जेवण रांधत. माणसे ठरलेली, पैसे महिन्याचे, पोळ्या मोजून. उरणार काय आणि टाकणार काय? शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या आजच्या उपाहारगृहाला हे जमणे कठीण, कारण गिऱ्हाईक काय मागेल हे त्याला ठाऊक नसते. यादी आखूड करणे हाच माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला यंत्रही लागत नाही.

एक गोष्ट मात्र काटकसरीत बसवता येत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण मृत्युमुखी पडले. बांबू, झावळ्या, तागाचे पडदे नैसर्गिक खरे, पण पेटतातही झटकन. मागांसाठी बांधलेल्या जागेत शेगड्या मांडायच्या, तर बाहेर पडण्याच्या वाटा नव्याने मोजल्या पाहिजेत. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या जिनिंगमध्ये उपाहारगृह निघाले, तर गुरुजींबरोबर जरूर जा. खरकटे कुठे जाते ते विचारा, आणि मागचे दार उघडते का तेही ढकलून पाहा.