घरचं विज्ञान : पाण्यावर गाडी चालते का?

परवा भाच्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. माणूस मोटारसायकलच्या टाकीत पाणी ओततो आणि गाडी पळते! "मामू, तीन हजारांत किट मिळतं. आपल्या सारंगखेड्यात तापीवर बॅरेज, पाण्याला काय तोटा? पेट्रोलचा खर्चच मिटला!"

मी विचारलं, "बेटा, चुलीतली राख पुन्हा पेटते का?"

पाण्याचं तसंच आहे. हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख. 9 किलो पाणी फोडलं तर 1 किलो हायड्रोजन आणि 8 किलो ऑक्सिजन मिळतो खरा. पण हायड्रोजन जाळून जेवढी ऊर्जा मिळते, किमान तेवढी आधी घालावी लागते. किट ती गाडीच्या बॅटरीतून घेतं आणि बॅटरी चार्ज होते पेट्रोलवरच. मग बचत कसली?

ही ऊर्जा उन्हातून घेतली तर? 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडता येतं, हे जगापुढे मांडलं. पण हे काम सहज व्हायला उत्प्रेरक लागतो.

उत्प्रेरक म्हणजे आपल्या घोडेबाजारातला दलाल. घोडा त्याचा नाही, पैसा त्याचा नाही. रुमालाखाली बोटं दाबून तो सौदा जुळवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हायड्रोजन काढण्यात प्लॅटिनम हा पक्का दलाल, पण फार महाग. त्यात पन्नास दलाल घोळका करून उभे राहिले, तर गिऱ्हाईक फक्त कडेच्यांना भेटतं. धातूच्या कणातले आतले अणूही असेच रिकामे राहतात.

म्हणून शास्त्रज्ञ आता एकेक अणू सुटा बसवतात. 2011 मध्ये चीनमधील झांग ताओ आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून, कार्बन मोनॉक्साइडवरच्या प्रक्रियेत ते उत्तम काम करतात, हे दाखवलं. तीच युक्ती आता पाण्यासाठी वापरून पाहतात. अडचण एवढीच, की सुटे अणू सरकत सरकत पुन्हा घोळका करतात. घोड्यासारखं त्यांना खुंट्याला बांधावं लागतं. कार्बनच्या जाळीत बसवलेले नायट्रोजनचे अणू असे खुंट्याचं काम करतात.

हे सारं अजून प्रयोगशाळेत आहे. उन्हाने थेट पाणी फोडणारी 100 चौरस मीटरची मांडणी जपानी संशोधकांनी उभारली, तिचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. उन्हातली जास्तीत जास्त 0.76 टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. छपरावरचं चांगलं सौर पॅनल 20 टक्क्यांच्या आसपास वीज देतं.

"म्हणजे हे होणारच नाही?" भाचा हिरमुसला.

"होईल, पण टाकीत पाणी ओतून नाही. दलाल कितीही हुशार असो, पैसे गिऱ्हाइकालाच मोजावे लागतात. इथे ते सूर्याने मोजायचे."

असं किट विकायला कुणी दारात आलं, तर एकच विचारा : ऊर्जा येते कुठून? उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नका. आमच्या घरचे तीन हजार भाच्याच्या अकरावीच्या पुस्तकांसाठी ठेवलेत.