अभ्यासकाच्या माघारी

निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते शिवकालाचे आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून. निजामाच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या जंगलात त्यांनी केलेले भाषेचे काम मात्र मराठीत फारसे कोणी वाचत नाही. आदिलाबादच्या गोंडांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ साली आले, कोलामीचे व्याकरण १९५० साली आणि गोंडीचे १९५४ साली, तिन्ही इंग्रजीत. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. त्यामुळे या बोली आज नांदेड जिल्ह्याच्याही आहेत. आपल्या हाताखालच्या मुलखातली भाषा शिकून तिचे व्याकरण लिहावे, अशी अपेक्षा आजच्या एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्याकडून केली तर लोक हसतील.

बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ साली ऑक्सफर्डहून निघाला. त्यात काही कोलामी शब्दांपुढे कंसात ‘एस. आर.’ अशी दोन अक्षरे दिसतात. ती सेतुमाधवरावांची. निलंग्याच्या माणसाने टिपलेला शब्द जगाच्या कोशात गेला तो असा. पण कोशात जागा शब्दापुरतीच असते. तो कोणत्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर ऐकला, सांगणारा म्हातारा होता की शाळकरी पोर, लग्नाच्या गाण्यात आला की भांडणात, हे सारे अभ्यासकाच्या टिपणवहीत राहते. छापील पुस्तक म्हणजे अशा वह्यांतून निवडून घेतलेला भाग.

या वह्यांना कायद्याचा आधार किती? १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपुढच्या मूर्ती-नाण्यांना संरक्षण देतो. हस्तलिखिते आणि कागदपत्रांसाठी ही अट पंच्याहत्तर वर्षांची आहे. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिल्पाला हात लावणे गुन्हा आहे, पण १९८० साली मुखेड किंवा देगलूरकडे उतरवून घेतलेल्या गाण्यांची वही रद्दीत घालायला कोणाची परवानगी लागत नाही. अभ्यासकाच्या माघारी उरलेले घरचे लोक वाईट नसतात. त्यांना जागा हवी असते, आणि वर्षश्राद्धाच्या आत कपाटे रिकामी होतात. १९४०च्या दशकातले कागद आता कुठे या अटीत बसू लागले आहेत, तेही उरले असतील तर.

वस्तूंचे नशीब जरा बरे. लातूरची हद्द ओलांडली की धाराशिव जिल्ह्यात तेर लागते. पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर सांगितले आहे, तिथला माल गाड्यांनी भडोचला जाई. ते तगर म्हणजे तेर, हे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. पुढे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या मण्यांपासून हस्तिदंती बाहुलीपर्यंत सारे जपले आणि त्यातून संग्रहालय उभे राहिले. हस्तिदंती बाहुलीसाठी माणसे दुरून येतात. वहीसाठी कोण येणार?

तरी वह्या-कागदांचे संग्रहही टिकवता येतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या दप्तराभोवती संशोधन मंडळ उभे राहिले. ग्रीसमध्ये निकोलाओस पोलितिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली लोकसाहित्याचे दप्तर अथेन्सला सुरू झाले. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात आहेत. त्यांत गाणारणीचे नाव आणि गाव ओवीला जोडलेले आहे.

नांदेडला १९९४पासून स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. उदगीर-देवणीकडची कानडी वळणाची मराठी, बिलोलीकडची तेलुगूने भिजलेली, तांड्यांवरची गोरबोली असे विषय त्याच्या दाराशी आहेत. त्यांवरचा प्रबंध संकेतस्थळावर चढतो, पण मुलाखतींचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये राहते आणि मोबाइल बदलला की जाते. प्रबंधासोबत मूळ ध्वनिमुद्रणे आणि टिपणेही जमा करून घ्यावीत. ज्यांचे बोलणे घेतले त्यांची लेखी संमती हवी आणि काही मजकूर ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची सोयही हवी. गाणाऱ्या बाईने नवऱ्याविषयी काय म्हटले ते तिच्या सुनेने ग्रंथालयात बसून ऐकावे असे नाही. जुन्या कॅसेट आधी घ्याव्यात, कारण त्यांवरचा आवाज कोणाचा हे सांगू शकणारे संग्राहक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. यासाठी मुंबईच्या शासननिर्णयाची वाट पाहायला नको. विद्या परिषदेचा एक ठराव, एक कोरडी खोली आणि एक जाणता अभिलेखपाल एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.